वाटेचा हक्क आणि मोबाईलवरची बैठक



सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, ज्याने मानवाला वाणी दिली, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी त्या वाणीची मर्यादा शिकवली.

एकदा प्रेषितांनी (स.) आपल्या सहाबांना रस्त्याच्या कडेला बसण्यापासून सावध केले. सहाबांनी आपली अडचण मांडली. आमच्या बैठका तिथेच भरतात, तिथे बसून बोलल्यावाचून आम्हांला गत्यंतर नाही, असे ते म्हणाले. प्रेषितांनी (स.) त्यांच्यावर सक्ती केली नाही. बसायचेच असेल तर वाटेला तिचा हक्क द्या, असे फर्मावले. वाटेचा हक्क कोणता, असे विचारल्यावर चार गोष्टी सांगितल्या: नजर खाली ठेवणे, कोणाला उपद्रव न देणे, सलामला उत्तर देणे, आणि चांगल्याचा आदेश देऊन वाइटापासून रोखणे. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे.

आज आपली बैठक रस्त्याच्या कडेला कमी आणि मोबाईलच्या पडद्यावर अधिक भरते. दहावीच्या वर्गमित्रांचा ग्रुप, कामावरच्या सोबत्यांचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप. कोणाला मिहानमध्ये मुलाखतीला बोलावले आहे, कोणाची बुटीबोरीच्या कारखान्यातली पाळी बदलली आहे, कोणाच्या मुलीच्या प्रवेशाची यादी लागायची आहे, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा उद्या कुठे जाणार, यावर तर सगळेच बोलतात. मोमीनपुऱ्यातला मुलगा, महालातला मुलगा आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा एका बाकावर बसल्यासारखे एकत्र असतात. मी स्वतःही अशा एका ग्रुपमध्ये आहे. कॉलेजात माझ्यासोबत मराठी शिकलेले मित्र त्यात आहेत, आणि त्यांच्या ख्यालीखुशालीने मला आनंद होतो.

गप्पांना मनाई नाही

धर्मनिष्ठ माणसाने सदैव गंभीर चेहऱ्याने बसावे, असा काहींचा समज असतो. हदीस वाचणाऱ्याचा हा समज टिकत नाही. आदरणीय जाबिर बिन समुरा (रजि.) सांगतात की, फजरच्या नमाजनंतर सूर्य वर येईपर्यंत प्रेषित (स.) आपल्या जागी बसत. सहाबा तिथेच अज्ञानकाळातल्या आपल्या जुन्या गोष्टी काढून हसत, आणि प्रेषित (स.) स्मित करीत. आदरणीय आयेशा (रजि.) यांनी अकरा स्त्रियांनी आपापल्या पतींविषयी सांगितलेला लांबलचक वृत्तान्त प्रेषितांना (स.) ऐकवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि शेवटी प्रेमाचा एक शब्द बोलले. ज्यांच्यावर साऱ्या मानवजातीच्या मार्गदर्शनाचा भार होता, त्यांना घरातली गोष्ट ऐकायला सवड होती.

तेव्हा मित्राने मित्राची विचारपूस करणे, शाळेच्या आठवणी काढणे, नोकरीची बातमी देणे, यात दोष नाही. सद्हेतूने केले तर ते नाते जोडण्याचे पुण्यकर्म आहे. प्रश्न बैठकीचा नाही, तिच्या हक्काचा आहे. तो हक्क मोडला म्हणजे काय घडते, हे आपल्या शहराने पाहिले आहे.

ती संध्याकाळ

१७ मार्च २०२५. रमजानचा महिना. खुलताबाद येथील औरंगजेबाची कबर हटवावी, या मागणीसाठी त्या दिवशी महालात गांधी गेट परिसरात निदर्शने झाली, आणि कबरीची हिरव्या कापडाने झाकलेली प्रतिकृती जाळण्यात आली. त्या कापडावर पवित्र वचने होती, असा मजकूर मोबाईलवरून मोबाईलवर फिरू लागला. ही अफवा होती, असे मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितले. परंतु त्याआधीची रात्र उलटून गेली होती. महाल आणि हंसापुरीत दगडफेक व जाळपोळ झाली. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. एका जखमी नागरिकाचा काही दिवसांनी रुग्णालयात मृत्यू झाला. कोतवाली, गणेशपेठ, तहसील यांसह अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि ती पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला. कुराण अवतरणाच्या महिन्यात अनेक घरांतले लोक मशिदीपर्यंत जाऊ शकले नाहीत.

दंगलीला एकच कारण नसते. कोणाचा किती अपराध, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मला तुमच्याशी त्या भागाबद्दल बोलायचे आहे, जो आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये होता.

संचारबंदी उठल्यावर एक तरुण तरावीहनंतर माझ्याकडे थांबला. मराठी शाळेत शिकलेला, स्वभावाने शांत. त्याच्या शाळेतल्या मित्रांचा ग्रुप होता. त्यात मुस्लिम मुले होती आणि हिंदूही. त्या संध्याकाळी इफ्तारनंतर त्याला कोणाकडून तरी तो मजकूर आला आणि त्याने तो संतापाच्या भरात शाळेच्या ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात महालात राहणाऱ्या एका मित्राने लिहिले, "माझी आई घरात एकटी आहे, बाहेर दगड पडताहेत. तू हे काय पाठवतोस?" आणि तो ग्रुप सोडून गेला. हा मित्र पाचवीपासून त्याच्या शेजारी बसत आला होता.

तो तरुण मला म्हणाला, "मौलाना, तो मजकूर मी लिहिला नव्हता. मी तर फक्त पुढे पाठवला."

वाचकहो, या एका वाक्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहिला आहे. कारण हे वाक्य त्याचे एकट्याचे नाही.

मदीनेतील दोन शेजारी

आदरणीय उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या वस्तीत राहत. त्यांचा एक अन्सारी शेजारी होता. दोघांनाही आपापली कामे होती, म्हणून त्यांनी पाळी ठरवली होती. एक दिवस उमर (रजि.) प्रेषितांच्या (स.) सहवासात जात आणि त्या दिवसाची वार्ता शेजाऱ्याला सांगत, दुसऱ्या दिवशी शेजारी जाई आणि यांना सांगे. कामधंदा सांभाळून एकमेकांना बातमी देणारे हे दोन मित्र आपल्या ग्रुपपेक्षा किती वेगळे होते?

एका रात्री शेजाऱ्याने दार जोराने ठोठावले. त्या दिवसांत गस्सान टोळीच्या हल्ल्याची भीती होती. गस्सानचे लोक आले की काय, असे उमर (रजि.) यांनी विचारले. त्याहून मोठी गोष्ट घडली आहे, शेजारी म्हणाला, प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना तलाक दिला.

बातमी आणणारा खोटारडा नव्हता. विश्वासू मित्र होता, श्रद्धावंत होता. बातमी मात्र चुकीची होती. उमर (रजि.) यांची कन्या हफ्सा (रजि.) प्रेषितांच्या (स.) पत्नी होत्या, म्हणजे बातमी थेट त्यांच्या काळजाची होती. तरीही त्यांनी ती पुढच्या दारी नेली नाही. सकाळी ते मशिदीत गेले. तिथे लोक खिन्न बसले होते आणि तेच बोलत होते. शंभर तोंडांनी सांगितल्याने बातमी खरी होत नाही, हे जाणून ते कन्येकडे गेले. तिलाही ठाऊक नव्हते. मग त्यांनी प्रेषितांच्या (स.) भेटीची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. पुन्हा मागितली. अखेर परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी थेट विचारले आणि उत्तर मिळाले: नाही.

यापुढचा भाग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. ही गोष्ट लोकांना सांगू का, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. खरी बातमी पुढे नेण्यापूर्वीही अनुमती घेतली! मग मशिदीच्या दारात उभे राहून त्यांनी उच्च स्वरात सत्य जाहीर केले. सहीह मुस्लिममध्ये आहे की, याच प्रसंगी सूरह निसाची ८३ वी आयत अवतरली. तिचा आशय असा की, शांततेची वा भीतीची बातमी आली की काही लोक ती लगेच पसरवतात. तीच त्यांनी प्रेषितांकडे व जबाबदार लोकांकडे नेली असती, तर तिचे तथ्य जाणणाऱ्यांना ते उमगले असते.

आता त्या तरुणाचे वाक्य पुन्हा वाचा. शेजाऱ्यानेही ती बातमी रचली नव्हती. फरक कुठे पडला? तिला मिळालेल्या दुसऱ्या माणसापाशी पडला. बातमी एका दारातून दुसऱ्या दारात येते. थांबवायची की नाही, हे दुसऱ्या दारातला माणूस ठरवतो. प्रेषितांनी (स.) सावध केले आहे की, माणसाने जे जे ऐकले ते सारे सांगत सुटणे, एवढेही त्याच्या असत्याला पुरेसे आहे. लिहिणाराच नव्हे, तपासल्यावाचून सांगणाराही यात येतो.

कोणी म्हणेल, आमच्या भावना दुखावल्या होत्या. धर्माचा अपमान झाला असे ऐकून मन पेटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच सूरह माइदाच्या ८ व्या आयतीत बजावले आहे की, कोणाविषयीच्या वैराने तुम्ही न्याय सोडू नये. संतापाच्या क्षणीच शहानिशेची खरी गरज असते. शांत मनाला तपासायला कोणी सांगावे लागत नाही.

अफवा कोणाचा धर्मही पाहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार केले. पोट भरायला आलेली ती गरीब माणसे होती. मुले पळवणाऱ्यांचे मजकूर तेव्हा मोबाईलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. यंत्राने पाचाची मर्यादा घातली. ईमानधारकाची मर्यादा त्याहून कडक आहे: खात्री नसेल तर एकालाही नाही.

तौबा कशी करावी

त्या तरुणाने विचारले, "मग आता काय करू? मी तो मेसेज काढून टाकला आहे."

मी त्याला सांगितले की, मजकूर काढणे म्हणजे तौबा नव्हे. सूरह बकराच्या १६० व्या आयतीत सत्य लपवणाऱ्यांच्या तौबेचा उल्लेख आहे. तिथे तीन गोष्टी सांगितल्या आहेत: परत फिरणे, सुधारणा करणे आणि उघड करून सांगणे. ज्या बैठकीत असत्य नेले, त्याच बैठकीत सत्य न्यावे लागते. उमर (रजि.) यांनी जे मशिदीच्या दारात केले, ते तुला तुझ्या ग्रुपमध्ये करायचे आहे. आणि ज्याचे मन दुखावले, त्याची क्षमा त्याच्याकडेच मागावी लागते.

त्याने त्याच रात्री ग्रुपवर लिहिले की, मी पाठवलेला मजकूर मी तपासला नव्हता; चूक माझी आहे. काही मित्रांनी उत्तर दिले, काही गप्प राहिले. ईदच्या दुसऱ्या दिवशी तो शीरखुर्म्याचा डबा घेऊन महालात गेला. मित्र घरी नव्हता. त्याच्या आईने डबा घेतला आणि पाणी विचारले. मित्र ग्रुपमध्ये अजून परतलेला नाही. पाठवायला एक क्षण लागला होता. परतीची वाट लांब आहे. पण तो तरुण तिच्यावर चालू लागला आहे, आणि अल्लाह प्रयत्न वाया घालवत नाही.

उरलेले हक्क

उपद्रव न देण्याचा हक्क मी विस्ताराने सांगितला. बाकीचे थोडक्यात.

नजर खाली ठेवणे, म्हणजे कोणाच्या घरातला, कोणाच्या मुलीचा, कोणाच्या अपघाताचा फोटो ग्रुपवर आला तर तो पाहत न बसणे आणि पुढे न पाठवणे. सलामला उत्तर देणे, म्हणजे ज्याने नोकरी गेल्याचे लिहिले, ज्याचे वडील आजारी आहेत, त्याला उत्तराविना न सोडणे. विनोदाला वीस उत्तरे आणि दुःखाला एकही नाही, अशी बैठक वाटेचा हक्क देत नाही. वाइटापासून रोखणे, म्हणजे ग्रुपमध्ये कोणाची चेष्टा वा निंदा चालली असता, हे बरोबर नाही, असे सौम्यपणे सांगणे. शक्य तेव्हा ते त्याला एकट्याला सांगावे, म्हणजे त्याचा मान राहील.

आणि एक गोष्ट वेळेची. प्रेषितांना (स.) इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारणे आवडत नसे. ज्ञानाची चर्चा, पाहुण्याशी वा घरच्यांशी बोलणे याला आपल्या विद्वानांनी सूट दिली आहे. परंतु ज्या गप्पांनी फजर चुकते, त्या गप्पांचा हिशेब महाग पडतो. मातापित्यांनो, मुलांचा मोबाईल हिसकावण्यापूर्वी इशानंतर आपला मोबाईल बाजूला ठेवून पाहा.

पुढच्या वेळी एखादा मजकूर हातात थरथरत येईल, तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी याची खात्री केली आहे काय? ज्याच्याविषयी हे आहे, त्याच्यासमोर मी हे म्हणेन काय? सूरह काफच्या १८ व्या आयतीत सांगितल्याप्रमाणे प्रत्येक शब्द टिपणारा निरीक्षक जवळ आहे. त्याच्या नोंदीत मला हे हवे आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी नसेल, तर बोट मागे घ्या.

हे अल्लाह, आमच्या जिभांना आणि आमच्या बोटांना सत्यावर स्थिर ठेव. आमच्या बैठकांना भलाईचे स्थान कर. आमच्या शहराला, त्यातल्या प्रत्येक घराला आणि प्रत्येक शेजाऱ्याला शांती दे. आमच्या हातून तुटलेली मने जोडण्याची आम्हांला सद्बुद्धी दे. आमीन.