कडू साल आणि मोकळा हात



थंडी वाजून येणारा ताप आपल्यापैकी अनेकांनी भोगला आहे. घरातल्या जुन्या माणसांना 'कोयनेल' हे त्यावरचे कडूजहर औषध आठवत असेल. कोयनेल म्हणजे क्विनाईन. ते सिंकोना झाडाच्या सालीत असते. त्या सालीची कथा आज आपण मनावर घेऊ या.

हे झाड दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे. तिथल्या मूळ रहिवाशांना त्याच्या सालीचा गुण ठाऊक होता. सतराव्या शतकात येशूसंघीयांनी ती पेरूमधील लिमा शहरातून युरोपात पाठवली. रोम तेव्हा हिवतापाने जर्जर झाले होते. गरीब मरत, तसे कार्डिनलही मरत. १६४३ साली कार्डिनल झालेले येशूसंघीय धर्मगुरू हुआन दे लुगो यांनी ती साल गरिबांना फुकट वाटली. फुकट मिळाले ते फुकट द्या, ही प्रभूची आज्ञा त्यांनी अक्षरशः पाळली. लोक त्या औषधाला 'येशूसंघीयांची पूड' म्हणू लागले.

पण नावच आड आले. इंग्लंडमध्ये अनेक प्रॉटेस्टंटांना या नावाचाच संशय होता. रॉबर्ट टॅल्बर या वैदूने १६७२ सालच्या आपल्या पुस्तकात या पुडीपासून सावध राहायला सांगितले. स्वतः मात्र तो एक गुप्त औषध देत असे. राजा दुसरा चार्ल्स त्या औषधाने बरा झाला, फ्रान्सचा युवराजही बरा झाला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने ते गुपित विकत घेतले. टॅल्बर १६८१ साली वारला आणि पुढच्या वर्षी गुपित फुटले. औषध तेच होते : द्राक्षारसात भिजवलेली सिंकोनाची साल!

बंधू-भगिनींनो, टॅल्बरला हसणे सोपे आहे. पण आपण काय करतो? औषध कसे आहे यापेक्षा ते कोणाच्या हातून आले, हेच आपण आधी बघतो. भांडण झालेल्या भावाचा सल्ला, परधर्मीय शेजाऱ्याची मदत, घरकाम करणाऱ्या बाईचा शहाणा शब्द आपल्याला कडू लागतो. सेनापती नामानाला कोडातून बरे होण्याची वाट एका गुलाम मुलीने दाखवली होती. तिचे ऐकले नसते तर तो कोडीच राहिला असता.

आणखी एक गोष्ट. कार्डिनलचे नाव इतिहासात राहिले. ज्या डोंगरी माणसाने ती साल प्रथम ओळखली, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. देवाला मात्र ते ठाऊक आहे. म्हणून या औषधाचे श्रेय आपल्या ख्रिस्तसभेचे म्हणून मिरवण्याआधी आपण त्या अनामिकाचे आभार मानू या.

या आठवड्यात एक करू या. ज्याच्याकडून काही घेणे आपल्याला कमीपणाचे वाटते, त्याच्या दारी जाऊ या. आणि आपल्याजवळ जे गुणकारी आहे, ते टॅल्बरसारखे लपवून न ठेवता दे लुगोंसारखे मोकळ्या हाताने देऊ या.

हे प्रभो, घेताना आम्हांला नम्र कर आणि देताना उदार कर. आमेन.