आदर्श गावाचं पहिलं कलम

आदर्श गावाचा नकाशा काढायला बसलेला माणूस रस्ते, शाळा, दवाखाना, बाग, झालंच तर मोफत वाचनालय, इथपर्यंत झपाझप येतो. पुढे त्याची पेन्सिल अडते. देव कुठे बसवायचा, हे काही केल्या ठरत नाही. मी हे अनुभवाने सांगतो. वयाच्या बाविसाव्या वर्षी मी एका दोनशेपानी वहीत असं एक गाव वसवलं होतं. गावाची घटनाही लिहिली होती. कलम पहिलं : 'या गावात एकही देऊळ असणार नाही.' हे कलम लिहिलं तेव्हा बाहेरच्या खोलीत सत्यनारायणाची आरती चालली होती आणि आत मी प्रसादाच्या शिऱ्याची वाट पाहत होतो, ही बाब घटनेत नमूद नाही.

परवाच्या दिवाळीत माळा आवरताना ती वही आमच्या सौभाग्यवतींच्या हाती लागली. चष्मा लावून त्यांनी पहिलं कलम वाचलं.

"देऊळच नाही? मग बायकांनी बसायचं कुठे?"

"घरात."

"घरात बसायला मिळालं असतं तर देवळात कशाला गेलो असतो?"

पन्नास वर्षांत घटनेला आलेली ही पहिली दुरुस्ती. ती फेटाळण्याइतकं बहुमत मला घरात कधीच नव्हतं.

माझं सोडा, मोठमोठ्यांची पेन्सिल इथे अडलेली आहे. ज्याच्या पुस्तकावरून अशा गावांना 'युटोपिया' हे नाव पडलं, त्या टॉमस मोरने १५१६ साली आपल्या बेटावर सगळ्या धर्मांना मोकळीक देऊन टाकली. ज्याला जो देव पटेल तो त्याने भजावा. जबरदस्ती, मारामारी नाही. इथवर उत्तम. पण पुढे हळूच एक अट : जो आत्म्याचं अमरत्व मानत नाही, त्याला सरकारी हुद्दा मिळणार नाही. आणि हेच मोरसाहेब खऱ्या इंग्लंडात चॅन्सेलर झाले, तेव्हा पाखंडी ठरलेल्या माणसांना जिवंत जाळलं गेलं ते त्यांच्या कारकिर्दीत. मग राजालाच धर्मप्रमुख मानायला त्यांनी नकार दिला आणि १५३५ साली त्यांचंच डोकं उडवलं गेलं. युटोपिया म्हणजे ग्रीक भाषेत 'कुठेच नसलेली जागा'. असं नाव का ठेवलं असेल ते लेखकाच्या चरित्रावरून कळतं.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी बेटबिट काही घेतलं नाही. एक घर घेतलं. त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात, जे त्यांच्या मागे १८९१ साली छापलं गेलं, असं एक कुटुंब आहे. बाईने वाचून, पटलं तर बौद्ध व्हावं, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान, मुलाने सत्यधर्मी. आणि कुणी कुणाचा द्वेष न करता सगळ्यांनी एका घरात राहावं. आमच्या घरात माणसं दोन आणि धर्म एक, तरी टीव्हीवर कीर्तन लावायचं की क्रिकेट, यावरून अबोला होतो. तेव्हा जोतीरावांच्या धाडसाला मी मनोमन हात जोडले.

या विचारांत असतानाच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा वैशाखऱ्याहून फोन आला. "सर, गावात सप्ताह आहे. बाईंना घेऊन या. नाणेघाटपण बघून होईल." कल्याणहून आळेफाट्याची एसटी धरली, मुरबाड गेलं, टोकावडे गेलं, आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली तिथे उतरलो. माळशेजचा घाट अजून पुढे. नाणेघाटाची पायवाट मात्र इथूनच चढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्याच्या चुलत्यांबरोबर निघालो. सगळा गाव त्यांना दादा म्हणतो, म्हणून मीही म्हटलं. लोकांना दोन-अडीच तास लागतात. माझ्या गुडघ्यांनी चार घेतले. वर खिंडीखालच्या लेण्यात भिंतभर ब्राह्मी अक्षरं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख. सुरुवातीलाच धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्यांना आणि चारी लोकपालांना नमस्कार. कुठलं खातं नाराज राहू नये म्हणून सगळीकडे अर्जाची एकेक प्रत धाडावी, तसं. मग अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञांची यादी आणि त्यांची दक्षिणा : गाई हजारांनी, शिवाय घोडे, हत्ती, गावं आणि कार्षापणांच्या राशी. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. म्हणजे कल्याणच्या बंदरातून पाठीवर ओझं घेऊन व्यापारी जुन्नरकडे चढायचे, खाली पुण्य लिहिलेलं आणि वर त्याची वसुली!

मी हे सगळं दादांना मास्तरी थाटात सांगितलं. राजघराण्याच्या मूर्तीही दाखवल्या. म्हणजे त्या होत्या ती जागा दाखवली. नावं कोरलेली आहेत. मूर्तींचे कुठे कुठे पाय तेवढे उरलेत.

"गाया कुनाला दिल्या?" दादांनी विचारलं.

"ब्राह्मणांना. यज्ञाची दक्षिणा."

दादांनी बाजूच्या कातळातल्या टाक्यात तांब्या बुडवला, माझ्यापुढे धरला. "गाया गेल्या. राजंबी गेलं. पानी हाय."

"आणि ते सगळ्यांचं आहे," मी पुस्ती जोडली.

"आता सगळ्यांचं," दादा म्हणाले, आणि उतरायला लागले.

तो 'आता' उतरताना माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त दुखत होता. धर्माने टाकी खोदली, हे खरंच. आणि त्यांच्यावर पहारे बसवले, हेही खरंच. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारो माणसांनिशी चालत जावं लागलं. पाणी तेच होतं, तळं तेच होतं. मधला पहारेकरी दगडाचा नव्हता.

रात्री सप्ताहाचं कीर्तन झालं आणि मंडपात पंगत बसली. पत्रावळीवर भात पडला, आमटी पडली, विद्यार्थी आग्रह करकरून वाढत होता. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. छान बोलत होते, भाताच्या पिकाबद्दल, पोराच्या नोकरीबद्दल. आणि मला एकदम जाणवलं की त्यांचं आडनाव विचारायला माझी जीभ वळवळते आहे. विचारलं नाही. पण विचारावंसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. पंगतीत सगळा गाव एका रांगेत जेवत होता, आणि पहिलं कलम लिहून देवळं पाडणारा मी तेवढा रांगेबाहेर बसलो होतो.

माझ्या लहानपणी आमच्या परसदारी कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. लाकडं फोडायला येणाऱ्या माणसासाठी. त्यात वरून चहा ओतायचं काम माझ्याकडे होतं. स्पर्श होऊ न देता ओतण्यात मी इतका तरबेज होतो की आजी कौतुक करायची. पुढे मी देव बंद केला, देवळं बंद केली, एकशेचौदा कलमं लिहिली. तो कप एकाही कलमात आला नाही.

घरी आल्यावर वही काढली. पहिलं कलम खोडलं आणि लिहिलं : 'या गावात ज्याला हवं त्याने हवं ते देऊळ बांधावं, किंवा बांधू नये. पाणी आणि भांडं मात्र सगळ्यांना एकच.' स्वयंपाकघरात जाऊन सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे बरं आहे." त्याच वेळी आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई ओट्यापाशी खाली बसून चहा पीत होत्या. त्यांचा कप फडताळाच्या खालच्या फळीवर, निराळा असतो. किती वर्षं असतो, कुणी ठेवला, आम्हा दोघांनाही आठवेना. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी तो कप विसळताना माझ्या हातून पडून फुटला. इतक्या वर्षांच्या संसारात मी कप विसळायला घेण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे अपघात म्हणून सहज खपला. नवा आणायचा विषय सौभाग्यवतींनी काढला नाही. बाईंना त्या दिवशी आमच्या कपबश्यांतली एक मिळाली. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी ती दोनदा घासून ठेवली. दोनदा का, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.