लोईस आजी आणि आपल्या लक्ष्मीबाई



आजचं वचन : २ तीमथ्य १:५. आधी आपापलं बायबल उघडून वाचा, मग पुढे या.

पौल तुरुंगात आहे. आपला शेवट जवळ आलाय हे त्याला कळलंय. अशा वेळी तरुण तीमथ्याला लिहिताना तो दोन बायकांची आठवण काढतो, आजी लोईस आणि आई युनीके. अख्ख्या नव्या करारात ‘आजी’ हा शब्द या एकाच ठिकाणी येतो. लोईसनं कुठे संदेश दिला, कुठली मंडळी उभी केली, याची काहीच नोंद नाही. पौल एवढंच म्हणतो की खरा विश्वास पहिल्यांदा तिच्यात होता. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘घर करून राहणे’ असा आहे. पाहुण्यासारखा रविवारी येऊन गेला असं नाही, बिऱ्हाड थाटलं.

आणि ते घर काही सोपं नव्हतं. प्रेषितांची कृत्ये १६:१ बघा. तीमथ्याची आई विश्वास ठेवणारी यहुदी, बाप ग्रीक. एका छपराखाली दोन वाटा. सण कुठला, जेवण कुठलं, पोराला काय शिकवायचं, हे प्रश्न तिथे रोजचे असणार.

हे वाचताना मला दरवेळी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. शाळेत त्यांचा धडा असला तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या ‘रेव्हरंड टिळकांच्या पत्नी’ एवढ्याच माहीत असतात. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालायची नाही. शिवाशिवीची ही भीती त्या पोटात घेऊनच वाढल्या. लहानपणीच लग्न झालं. शाळा नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

१० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपल्या चर्चमध्ये ही तारीख आनंदानं सांगतात आणि ती आनंदाचीच आहे. पण आपल्या संदेशांत एक गोष्ट पटकन उरकली जाते, आणि मला ते खटकतं. त्या दिवशी एका बाईचा संसार मोडला. त्या मुंबईत नव्हत्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या, काही काळ पंढरपुरातही. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे, त्यांच्या अभंगांवर आपण वाढलो. तरीही त्या घरात त्या वर्षांत देवाचं काम कुणाच्या आत सगळ्यात कष्टानं चाललं होतं असं विचाराल तर माझं उत्तर लक्ष्मीबाई असं आहे.

कारण त्या नवऱ्याकडे परत आल्या त्या नवऱ्याचा धर्म घेऊन नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं तसंच. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, मधे पोरगा. लुस्त्रातलं तीमथ्याचं घर तुम्हाला कल्पनेत बघावं लागतं, हे तर आपल्या नगर जिल्ह्यातलं.

मग राहुरीच्या दिवसांत एक विचार त्यांच्या मनात घुसला. ही उच्चनीचता देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर माणसांच्या शरीरातच काहीतरी फरक ठेवला असता. तसा तर दिसत नाही. म्हणजे हे माणसाचंच काम. मग हे आपण का पाळायचं? आणि त्यांनी ठरवलं, इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. हा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला, आणि विश्वास आत आला तो स्वयंपाकघराच्या दारानं. प्रेषितांची कृत्ये १० मध्ये पेत्राला गच्चीवर दृष्टान्त झाला, तोही खाण्यापिण्याचाच होता. लक्ष्मीबाईंना तो घरच्या पाण्याजवळ झाला म्हणा. १९०० साली राहुरीतच त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी.

आम्हा कोडिंगवाल्यांकडे ‘इन्हेरिटन्स’ फार स्वस्त असतो. एका ओळीत वरच्या क्लासचं सगळं खाली येतं. विश्वासाचं तसं होत नाही. लोईसचा विश्वास युनीकेत पुन्हा राहायला यावा लागला, मग तीमथ्यात. तीन वेळा बिऱ्हाड. चर्चच्या रजिस्टरमध्ये आपलं नाव जन्मापासून आहे, पण पाच वर्षं झगडून ‘हो’ म्हणणं आपल्यातल्या किती जणांच्या वाट्याला आलंय?

पुढचं आयुष्यही घरातच गेलं, पण ते घर केवढं. अहमदनगरला पोरकी मुलं, पाहुणे, विद्यार्थी, सगळ्यांना तिथे जेवण. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, तो कुणालातरी देऊन टाकलेला असायचा. ताट मात्र लक्ष्मीबाईंना वाढायचं असायचं. बालकवी ठोंबरे त्या घरात पोटच्या पोरासारखे राहिले. सोवळ्यापायी एके काळी माणसाच्या सावलीला बिचकणाऱ्या बाईनं प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा केली. आणि हे सगळं त्या सांगतात ते हसत हसत, स्वतःची फजितीही न लपवता. मागे सुटलेल्या नातलगांबद्दल कडवटपणा नाही. हा त्यांचा विनोद मला कुठल्याही साक्षीपेक्षा जास्त पटतो.

माझी आजी याच भागातली, श्रीरामपूरकडची. लग्न होऊन चिंचवडला आली आणि जन्मभर घर सांभाळलं. तिच्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दळणाचा आणि रॉकेलचा हिशेब होता, त्याच्याच खाली प्रार्थनेसाठी माणसांची नावं. दोन्हीला एकच पेन्सिल.

आता रावेतकडे येऊ. इथल्या बंधाऱ्यातून पवनेचं पाणी उचललं जातं, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच भागांतल्या नळांना जातं. एकच पाणी. पण आमच्या या बाजूच्या उंच इमारतींमध्ये वर पोचेपर्यंत त्याचे प्रकार होतात. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा, तो ओट्याखाली उपडा ठेवलेला. काही ठिकाणी त्यांच्यासाठी लिफ्टही वेगळी. कारण विचारलं तर ‘हायजीन’ म्हणतात. लक्ष्मीबाईंच्या वडिलांकडेही धुण्यापुसण्याची कारणं होतीच. दारावर क्रॉस लावलेल्या फ्लॅटमध्ये असा कप असेल तर काय करायचं, ते त्या राहुरीत ठरवून बसल्यात. या आठवड्यात तो कप बाकीच्या कपांत ठेवा, आणि मावशींबरोबर बसून चहा घ्या. उभ्यानं नको.

९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. एके काळी अक्षरओळखही नसलेल्या या बाईनं त्याचा फार मोठा भाग पुढे स्वतः लिहिला. मुलाकडे कराचीला राहिल्या, आजी झाल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. पहिला भाग १९३४ मध्ये आला. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्या प्रभूकडे गेल्या, तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. तो मुलानं, देवदत्तनं पुरा केला. पुढे त्या पुस्तकाची टिपांसह आवृत्ती तयार करायला जो माणूस बसला, तो त्यांचा नातू अशोक टिळक.

उद्या सहावं वचन घेऊ.