सही कोणाची, जबाबदारी कोणाची?



दवाखान्यात छापील कागदावर सही किंवा अंगठा करण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर आलेली आहे. 'इथे सही करा' असे सांगितले जाते आणि आपण न वाचता करतो. त्या एका सहीने डॉक्टरांची जबाबदारी संपते काय?

हा प्रश्न २०१९ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातून साऱ्या देशापुढे आला. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, सर्रास काढले जात असल्याच्या बातम्या आल्या. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाली असल्याचे आढळले. कित्येकींनी अजून चाळिशीही गाठलेली नव्हती.

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन या भगिनी दवाखान्यात गेल्या होत्या. असे आजार पुष्कळदा औषधांनी बरे होतात. परंतु आपल्याला कर्करोगाची भीती घालण्यात आली, असे अनेकींनी सांगितले. दुसरीकडे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड भरावा लागतो आणि फडावर ना संडास असतो ना आडोसा. म्हणून पाळीची कटकटच नको, असे म्हणून काहींनी स्वतःहून शस्त्रक्रिया मागितली, हेही खरे आहे.

मग डॉक्टरांचा दोष काय? बाईनेच मागितले, तिनेच सही केली! आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो त्यांच्यापाशी असलेल्या ज्ञानासाठी. ते ज्ञान झाकून ठेवले किंवा त्याचाच धाक घातला, तर रुग्णाचा होकार हा होकार राहत नाही. गरजेपोटी कोणी नको ती शस्त्रक्रिया मागितली, तर 'बाई, याची गरज नाही' असे सांगणे हाच वैद्यकीचा धर्म आहे. काही आजारांत हीच शस्त्रक्रिया जीव वाचवते आणि प्रामाणिकपणे ती करणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. म्हणून सरसकट सर्वांवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल.

कायदाही हेच सांगतो. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका स्त्रीच्या खटल्यात निकाल दिला. तपासणीसाठी तिला भूल दिलेली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले होते. ही संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. उपचार कोणता, त्याचा लाभ काय, धोके कोणते, दुसरा मार्ग आहे काय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे समजावून घेतलेली संमतीच खरी, असे न्यायालयाने म्हटले. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी याच न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला.

आपल्या मुरुमच्या शिवारातही ऊस आहे आणि तोडणीला येणारी कुटुंबे आहेत. आपल्यात कोणी परिचारिका असेल, कोणी आशाताई, कोणी औषध दुकानात काम करणारा. घाबरलेल्या बाईजवळ दोन मिनिटे बसून तिला समजेल अशा भाषेत सांगणे, हा आपल्या सेवेचाच भाग आहे. इतरांनीही विचारायला संकोचू नये. तातडीचे नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उपचाराचे कागद मागितल्यास ते ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

भल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला धर्मशाळेत नेले आणि खर्चही स्वतः सोसला. त्याच्या असहायतेचा फायदा मात्र घेतला नाही. रुग्णाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.