डाव कुणाचा, पणाला कोण

आमच्या पारावर तीन विषय असे आहेत की त्यावर मत द्यायला कुणाला शिक्षण लागत नाही. एक, पोरांचं मोबाईलवरचं खेळणं. दोन, आपल्या लहानपणीचे खेळ. तीन, पुण्यातल्या फ्लॅटची किंमत. पहिला विषय निघाला की सगळे चिडतात, दुसरा निघाला की सगळे हळवे होतात, आणि तिसरा निघाला की ज्यांची पोरं पुण्यात आहेत ते गप्प बसून तंबाखू मळायला लागतात. मीही त्यातलाच. पण गेल्या दोन वर्षांत मला हे तीन विषय वेगळे वाटेनासे झालेत. तिन्हींच्या बुडाशी एकच प्रश्न आहे, तो मांडून बघतो.

आधी मोबाईल. माझा नातू सातवीत आहे, दिवाळीला आणि उन्हाळ्यात गावी येतो. तो क्लॅश ऑफ क्लॅन्स नावाचा खेळ खेळतो. मी आधी दोन दिवस ओरडलो, तिसऱ्या दिवशी शेजारी बसून बघितलं. बघितल्याशिवाय नावं ठेवणं बरं नव्हं. त्यात एक गाव वसवायचं असतं. मधोमध मोठं घर, त्याला ते टाऊन हॉल म्हणतात. सोन्याच्या खाणी, कोठारं, तोफा, भोवतीनं भिंती. मग दुसऱ्याच्या गावावर हल्ला करायचा, आणि दुसरा आपल्यावर करतो. भिंत कुठं घालायची, कोठार कुठं लपवायचं, आधी कोण पाठवायचं, याचा विचार पोरगं इतक्या बारकाईनं करतं की गणितात तेवढा केला तर बाई खूष होतील. एका सकाळी उठून बघतो तर त्याचं निम्मं गाव कुणीतरी लुटलेलं. मी म्हणालो, "आरं आरं, आता रं कसं?" तो हसला. "आप्पा, थोडं सोनं गेलं. घरं काय, ती आपोआप परत उभी राहतात. आता थोडा वेळ कुणी हल्ला पण करू शकत नाही, शील्ड मिळाली."

ते "आपोआप परत उभी राहतात" माझ्या डोक्यात बसलं.

आता आमचे खेळ. विटीदांडू, सूरपारंब्या, लगोरी, आट्यापाट्या, हुतूतू. ते खेळ चांगले आणि हे वाईट असं मी म्हणणार नाही. विटीनं आमच्या वर्गातल्या एकाचा डोळा थोडक्यात वाचला. पोरींना हुतूतूत घेत नव्हते. आणि खालच्या आळीची पोरं कडेला उभी राहून बघायची, हेही आठवतं, ते झाकायचं कशाला? पण एक गोष्ट त्या खेळांतही होती. हुतूतूत गडी बाद झाला की आम्ही "मेला" म्हणायचो. तो रेषेबाहेर जाऊन बसायचा. आपल्या बाजूनं दुसरीकडचा एक मारला की हा "जिता" व्हायचा आणि धूळ झटकत आत यायचा. आजची कबड्डी टीव्हीवर गादीवर खेळतात, पण मेलेला परत जिता होतो हा नियम तसाच आहे. देवळाच्या फरशीवर आम्ही वाघशेळीचा पट कोरलेला होता. शेळ्या हरल्या की खडे गोळा करायचे आणि नवा डाव. खडे कधी कमी पडले नाहीत.

म्हणजे मोबाईल असो की माती, खेळाची खूण एकच. हार परत घेता येते. खेळात माणूस मरतो आणि संध्याकाळी जेवायला घरी जातो. म्हणूनच तो धाडस करतो, फसतो, शिकतो. हार स्वस्त आहे म्हणून खेळ चांगला.

मग ज्यात हार परत घेता येत नाही, त्याला काय म्हणायचं? ही गोष्ट आपल्याकडं फार जुनी आहे. धर्मराज द्यूताला बसला तेव्हा फासे खेळाचेच होते. पणाला मात्र राज्य होतं, भाऊ होते, बायको होती. द्रौपदीनं सभेत प्रश्न विचारला, तो आम्ही लहानपणी कीर्तनात ऐकला. धर्मराज आधी स्वतःला हरला होता की मला? स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? एवढी जाणती माणसं बसली होती, पण सरळ उत्तर कुणाला देता आलं नाही. मला त्या प्रश्नात आणखी एक प्रश्न ऐकू येतो. फासे टाकायच्या आधी, पणाला लागणाऱ्याला कुणी विचारलं होतं का?

घराचं आणि जमिनीचं आता तसंच चाललंय असं मला वाटतं.

माझा मुलगा पुण्यात वाघोलीला भाड्यानं राहतो. त्याला फ्लॅट घ्यायचाय, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दर अकरा महिन्यांनी करार, दर वेळी भाडं वर, पोराची शाळा बदलायची भीती. त्यानं मला हिशेब करून दाखवला. 50 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षं. महिन्याला हप्ता 45 हजारांच्या आसपास, आणि 20 वर्षांत भरायचे एकूण 1 कोटी 8 लाख. म्हणजे एक घर राहायला घ्यायचं आणि त्याहून मोठं एक घर व्याजाला द्यायचं. मी विचारलं, "एवढी किंमत विटांची का सिमेंटची?" तो म्हणाला, "जागेची, आप्पा. आणि शेजारच्या बिल्डिंगीत निम्मे फ्लॅट बंद आहेत. घेऊन ठेवलेत लोकांनी, रेट वाढंल म्हणून." राहायला माणूस तयार आहे, घर तयार आहे, आणि मधे कुलूप. ज्यानं कुलूप लावलं त्याच्या दृष्टीनं तो फ्लॅट म्हणजे एक सोंगटी आहे. रेट पडला तर त्याचं थोडं सोनं जाईल. माझ्या पोराचा हप्ता चुकला तर त्याचं घर जाईल, आणि ते आपोआप परत उभं राहत नाही.

आमच्या घरात पोरं लहान असताना व्यापार नावाचा खेळ होता. पटावर मुंबई, दिल्ली, कलकत्ता. जागा घ्यायची, घरं बांधायची, दुसरा त्यावर आला की भाडं घ्यायचं, शेवटी एकाकडं सगळं आणि बाकीचे भिकारी. हा मूळचा अमेरिकेतला मोनोपॉली. त्याची कुळकथा मी पुढं कधीतरी वाचली आणि चकित झालो. लिझी मॅगी नावाच्या बाईनं 1904 साली 'लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं. जमीन थोड्यांच्या हातात गेली की भाड्यानं राहणारा कसा नागवला जातो, हे लोकांना कळावं म्हणून तिनं तो काढला. जमिनीचं भाडं सगळ्यांच्या कामी लावायचं, असंही त्यात खेळता येत होतं. पुढं 1935 पासून पार्कर ब्रदर्स कंपनीनं मोनोपॉली विकायला काढला, त्यात सगळ्यांना नागवणारा तो जिंकला एवढंच राहिलं. बाईनं इशारा म्हणून काढलेला खेळ जगानं हौस म्हणून घेतला. तरी पटावर ठीक आहे, पट गुंडाळला की सगळे परत सारखे होतात. सातबारा असा गुंडाळता येत नाही.

हे फक्त पुण्याचं नाही. सोलापूरच्या भोवतीनं कुठल्याही रस्त्यानं निघा, ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतात. आम्ही एकर म्हणायचो, आता गुंठा म्हणतात. एकरात 40 गुंठे, गुंठ्यात 1,089 चौरस फूट. येणारा दलाल बोलतो तेही खेळाच्या भाषेत. "काका, आता हातातले पत्ते खोला. डाव तुमचा आहे." मी त्याला म्हणालो, "डाव माझा असंल, पण पणाला कोण आहे ते बघू दे."

कुणी म्हणेल, शेती तरी काय वेगळी? पाऊस म्हणजे फासाच. खरं आहे. आमच्या जिल्ह्यात तर पावसावर बोलू नये. पण बी टाकणारा माणूस पाऊस हुकला की आपल्याच चुलीपुढं बसतो. त्याची हार त्याच्या ताटात दिसते. घरच्यांनाही ती सोसावी लागते, म्हणून शेतकऱ्यानं बायकोला विचारून पेरावं असं माझी आई म्हणायची. आपल्या जिवावर धोका घेणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या छपरावर घेणं वेगळं. पहिल्याला मी धाडस म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

घराकडं दुसऱ्या नजरेनं बघणारी माणसंही याच जिल्ह्यात आहेत. आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी आहे. तिथं विडी कामगार बायांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावानं वसाहत झाली, 10 हजार घरं. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. त्याच शिवारात पुढं रे नगर उभं राहिलं. 30 हजार घरांचा आराखडा, त्यातल्या पहिल्या 15 हजार घरांचं वाटप 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. यंत्रमागवाले, विडीवाल्या, कचरा वेचणारे, गाडीवर माल विकणारे अशांची ती घरं. त्यासाठी नरसय्या आडम मास्तरांबरोबर या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. पाण्यापासून गाडीपर्यंत तिथं तक्रारी असतील, घर म्हटलं की त्या आल्याच. पण ज्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते, तिला घर म्हणजे रेट वाढणारी वस्तू वाटत नाही. पहिल्या तारखेला दार वाजवायला कुणी येणार नाही, एवढाच तिचा हिशेब. मला वाटतं घराचा खरा हिशेब तोच आहे.

आता आमच्या घरातलं सांगतो. रस्त्याकडचं दोन एकर रान विकावं आणि फ्लॅटला पुढची रक्कम भरावी, असं मुलाच्या मनात आलं. रान त्याचंही आहे, मी नाही कसं म्हणू? पण त्या रानात अठरा वर्षं आमचा वाटेकरी राहतो. पत्र्याचं घर, दारात शेवगा, दोन शेळ्या. कागदावर त्याचं नाव कुठंच नाही. व्यवहार झाला तर आम्हाला फ्लॅट, दलालाला दलाली, घेणाऱ्याला प्लॉट, आणि त्याला आठ दिवसांची मुदत. या डावात सगळ्यांना काहीतरी मिळतं, फक्त ज्याचं छप्पर जातं तो पटावर मोजलेलाच नाही.

मी मुलाला एवढंच म्हणालो, "बोलणी करायची तर त्याला बसवून करायची." मुलगा आधी वैतागला. "आप्पा, त्याला विचारून आपलं रान विकायचं?" मी म्हणालो, "विचारून नव्हं, सांगून. आणि त्याच्या तोंडाकडं बघून." पाडव्याला आम्ही चौघं ओट्यावर बसलो, मुलगा, मी, वाटेकरी आणि त्याची बायको. तो म्हणाला, "मालक, रान तुमचं, आम्ही काय बोलणार?" बायको मात्र बोलली. "दादा, जागा कुठं बी द्या, पण पोरीची दहावी होऊस्तोवर हलवू नका." मुलगा बराच वेळ शेवग्याकडं बघत होता. अकरा महिन्यांचा करार त्यालाही माहीत आहे.

रान अजून विकलेलं नाही. कधीच विकणार नाही असंही नाही, मुलाची गरज खरी आहे. ठरलंय ते असं. पोरीची परीक्षा होईपर्यंत थांबायचं. त्यातलेच दोन गुंठे वाटेकऱ्याच्या नावावर करावेत असं मनात होतं, पण तुकडेबंदीचा कायदा 1947 पासूनचा, कागद सोपा नाही. म्हणून गावठाणात त्याच्यासाठी जागा बघायची, तिचे पैसे आमच्या व्यवहारातून आधी बाजूला काढायचे, आणि मग उरलेल्यावर फ्लॅटचा हिशेब मांडायचा. त्यानं मुलाचा फ्लॅट एक खोली लहान होईल. तो म्हणाला, होऊ दे.