पावाच्या यादीत जे लिहावे लागत नाही

लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशरमध्ये, चॉर्लीवुड नावाचे एक गाव आहे. तिथल्या बेकरी-संशोधन केंद्रात १९६१ साली पाव करण्याची नवी रीत सिद्ध झाली आणि ब्रिटनचा रोजचा पाव बदलला. ब्रिटिश गव्हात प्रथिने कमी, त्यामुळे त्याचा पाव हवा तसा फुगत नसे. चिवट गहू कॅनडाहून, अमेरिकेहून मागवावा लागे. केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. कणीक काही मिनिटे प्रचंड वेगाने घुसळायची, यीस्ट वाढवायचे, घट्ट स्निग्ध पदार्थ आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घालायचे. कणीक तासन्‌तास आंबत ठेवण्याची गरज उरली नाही. पिठापासून कापून पाकिटात भरलेल्या पावापर्यंतचे सगळे काम साडेतीन तासांच्या आसपास उरकू लागले. आज ब्रिटनमधला सुमारे ८० टक्के पाव याच रीतीने होतो.

या शोधाला कपट म्हणणे अन्यायाचे होईल. महायुद्धामुळे आलेले रेशनिंग १९५४ साली संपले होते, टंचाईच्या आठवणी ताज्या होत्या. देशातल्याच गव्हाचा, स्वस्त, मऊ पाव सगळ्यांना मिळावा ही इच्छा प्रामाणिक होती. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. पावातून वेळ काढून घेतला गेला, त्या जागी काय आले हे गिऱ्हाइकाला पूर्णपणे सांगण्याची सक्ती मात्र कधीच झाली नाही.

सुपरमार्केटातला पाकीटबंद पाव उलटून पाहिला की बारीक अक्षरात पीठ, पाणी, यीस्ट, मीठ यांच्याबरोबर सोयाचे पीठ, इमल्सिफायर, कॅल्शियम प्रोपिओनेट अशी नावे दिसतात. हे निदान छापलेले तरी असते. पाव मऊ राहावा म्हणून घातलेली विकरे, म्हणजे एन्झाइम, पुष्कळदा यादीत येतच नाहीत. कायद्याच्या लेखी ती प्रक्रियेला मदत करणारी द्रव्ये, घटक नव्हेत. दुकानातल्या बेकरीच्या कोपऱ्यात तर याहून कमी कळते. गरम पावाचा वास सुटलेला असतो, टोपल्यांत पाव रचलेले असतात, आणि आत्ताच कुणीतरी आत बसून कणीक मळली असेल असे वाटते. त्यांतला बराच माल कारखान्यात अर्धवट भाजून, गोठवून आलेला असतो आणि इथे फक्त शेवटचा भाजला जातो. तो सुटा विकला जातो, म्हणून त्याच्यावर ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद पुरते. घटकांची पूर्ण यादी लावण्याचे बंधन नाही. ‘होलमील’ या नावाला १९९८ च्या नियमांचे संरक्षण आहे: त्यातले सगळे पीठ अख्ख्या गव्हाचेच हवे. ‘सावरडो’ या नावाला तसे काहीच नाही. दीर्घकाळ आंबवलेल्या कणकेचा पाव आणि यीस्टने फुगवून चवीपुरते आंबट केलेला पाव एकाच नावाने शेजारी-शेजारी मांडता येतात. किंमत मात्र दोन्हींची साध्या पावापेक्षा चढी असते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. पाकिटावर पोषण दाखवणारे लाल, पिवळे, हिरवे रंग २०१३ पासून ऐच्छिक स्वरूपात आहेत. २०१८ साली गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर आला. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमधल्या मोठ्या दुकानांत फार साखर-मीठ-चरबीचे पदार्थ दारात आणि गल्ल्याजवळ मांडायला बंदी झाली. हे सगळे उपाय मला योग्य वाटतात. पण ते मोजतात चरबी, साखर आणि मीठ. पदार्थ कसा तयार झाला हे त्यांच्या मापात बसत नाही. म्हणून निव्वळ शेंगदाणे दळून केलेल्या बरणीवर लाल रंग येतो आणि कृत्रिम गोडी घातलेल्या कोलाच्या बाटलीवर सगळे हिरवे. साखरेवर कर आल्यावर अनेक कंपन्यांनी साखर काढून गोडी देणारी रसायने वापरली. कर वाचला, पेय तेच राहिले.

हे माप अपुरे आहे याचा पुरावा आता ब्रिटनमध्येच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२५ मध्ये ५५ प्रौढांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना आठ आठवडे कमी प्रक्रियेचे आणि आठ आठवडे अतिप्रक्रियेचे अन्न घरपोच दिले गेले; दोन्ही आहार सरकारी पोषण-मार्गदर्शिकेत बसणारे होते. वजन दोन्हींत उतरले, पण कमी प्रक्रियेच्या आहारात जवळजवळ दुप्पट. कागदावरचे पोषण सारखे असूनही शरीराने दोन अन्नांत फरक केला.

यावरून घटक मोजत बसावे असे मात्र मी म्हणणार नाही. साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाचे प्रक्रियेनुसार वर्गीकरण मांडले. त्याने विचाराला मोठी दिशा दिली, पण त्याचा चौथा गट फार मोठा आहे: त्यात सॉसेजही येते आणि इमल्सिफायर घातलेला होलमील पावही. २०२३ साली सात युरोपीय देशांतल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत अतिप्रक्रियेच्या अन्नाचा एकाच माणसाला अनेक आजार जडण्याशी संबंध दिसला. गोड पेये आणि मांसजन्य पदार्थांत तो ठळक होता, पाव-धान्यांच्या पदार्थांत नव्हता. शिवाय ब्रिटनमध्ये पांढऱ्या पिठात कॅल्शियम, लोह आणि दोन ब जीवनसत्त्वे कायद्यानेच घालावी लागतात. यादी लांबली म्हणून तो पाव वाईट ठरत नाही. एका बड्या दुकानसाखळीने २०२५ मध्ये घटकांची संख्या दर्शनी भागावर मिरवणारी मालिका काढली, तेव्हा ‘कमी घटक’ हाही विकण्याचा एक शिक्का झाला.

आणि चांगले अन्न या दुकानांत आहे, हे आवर्जून सांगायला हवे. ते बहुधा मिरवत नाही. गोठवलेले मटार, डब्यातले टोमॅटो, पाण्यातले हरभरे, तेलातल्या सार्डिन, ओट्स, साधे दही, सगळे स्वस्त आणि जवळजवळ जसेच्या तसे. हॅरो, स्लाव, लेस्टर अशा ठिकाणी मोठ्या सुपरमार्केटांत तूरडाळ, मसूर आणि कणकेची दहा किलोची पोती सहज मिळतात. मराठी घरांना ही सोय मोलाची आहे. त्याच रांगेत तयार चपात्यांची पाकिटेही असतात, आणि त्यांच्या यादीत पावातलीच परिरक्षके भेटतात. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात संध्याकाळी सातला ते पाकीट का उचलले जाते, हे मला समजते. डाळ शिजायला गॅस लागतो, वेळ लागतो, आणि दुसऱ्या दिवशीची न्याहारी डोक्यात ठेवावी लागते. फूड फाउंडेशन ही संस्था वर्षानुवर्षे दाखवत आली आहे की उष्मांकांच्या हिशेबाने आरोग्यदायी अन्न इतर अन्नाच्या दुपटीहून महाग पडते. अशा स्थितीत ‘लेबल वाचा, जपून घ्या’ हा सल्ला देणे म्हणजे सगळ्यात कमी सवड असलेल्या माणसावर सगळ्यात जास्त अभ्यास लादणे आहे.

म्हणून मला ‘रिअल ब्रेड कॅम्पेन’ची मागणी पटते. २००८ साली सुरू झालेली ही चळवळ ‘ऑनेस्ट क्रस्ट ॲक्ट’ नावाचा कायदा मागते. सुट्या पावावरही घटकांची पूर्ण यादी, प्रक्रियेतली द्रव्ये त्या यादीत, आणि सावरडोसारख्या नावांना कायदेशीर व्याख्या, एवढे झाले तरी बेकरीच्या कोपऱ्यातले चित्र पालटेल. यात कुठल्याही पदार्थावर बंदी नाही आणि लहान बेकरीवाल्याचे नुकसानही नाही. उलट कणीक रात्रभर आंबवणाऱ्याला त्याच्या रात्रीची किंमत उघडपणे मागता येईल. खर्च वाढेल तो मोठ्या कारखान्यांचा, आणि तोही छपाईपुरता. त्यांनी आपल्या पावात काय घातले आहे, हे त्यांना आजही नेमके ठाऊक असते.