लेकरात रमणे ही गफलत आहे काय?



ज्या घरात वर्ष-दीड वर्षाचे मूल असते, त्या घराचा दिवस तेच ठरवते. ते भिंतीला धरून उभे राहते, दोन पावले टाकते, धपकन बसते आणि सारे घर टाळ्या वाजवते. वडील मुसल्ला अंथरतात, तोच ते त्यावर येऊन लोळते. आई कणीक मळायला बसते, तर त्याला त्यातलाच गोळा हवा असतो. सायंकाळी कामावरून परतलेला बाप त्याला खांद्यावर घेतो आणि तास कसा सरला हे त्याला कळत नाही. पुढे ईशाची नमाज आटोपून अंथरुणाला पाठ टेकली की मनात एक शंका डोकावते : हा तास तिलावतीत जायला हवा होता; मी दुनियेत गुंतत तर चाललो नाही ना?

ही शंका तरुण पित्यांकडून मी मशिदीत अनेकदा ऐकतो. ती निराधार नाही. संपत्ती आणि संतती यांनी तुम्हांला अल्लाहच्या स्मरणापासून विचलित करू नये, असे कुरआन ईमानधारकांना बजावतो (६३:९). अन्यत्र या दोहोंना तो ‘फितना’ म्हणतो (६४:१५). मग ज्या आनंदाच्या घटकेत अल्लाहचे नाव ओठांवर आले नाही, ती घटका गफलतीची समजावी काय?

हाच प्रश्न एका सहाबींना पडला होता. ह. हंजला (रजि.) हे आदरणीय प्रेषितांचे (स.) एक लेखनिक. त्यांचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. ह. अबू बकर (रजि.) यांनी खुशाली विचारली, तेव्हा हंजला मुनाफिक झाला आहे, असे ते स्वतःविषयीच म्हणाले. कारण असे की, प्रेषितांच्या (स.) सहवासात स्वर्ग आणि नरक जणू डोळ्यांपुढे उभे राहत, पण घरी परतून बायको-मुलांत आणि व्यवहारांत मिसळले की त्यातले पुष्कळसे विसरले जाई. ह. अबू बकर (रजि.) यांनी आपलीही तीच अवस्था असल्याचे सांगितले आणि दोघे प्रेषितांकडे (स.) गेले. प्रेषितांनी (स.) शपथपूर्वक सांगितले की, माझ्याजवळ असताना तुमची जी स्थिती असते ती सदैव टिकली असती, तर फरिश्त्यांनी तुमच्या अंथरुणांवर आणि वाटांवर येऊन तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, परंतु हंजला, एक घटका याची आणि एक घटका त्याची. हे त्यांनी तीनदा सांगितले.

या उत्तरात काय नाही, तेही पाहावे. मुलांबरोबर हसणे सोडून दे, असे त्यांनी हंजलांना सांगितले नाही. घरच्या घटकेला त्यांनी निफाकही म्हटले नाही. माणूस फरिश्ता नाही, आणि फरिश्त्याला लेकरू नसते. ज्या अल्लाहने माणसाला घर दिले, त्याने घराच्या घटकेलाही जागा दिली.

मग ‘फितना’ या शब्दाचे काय? सोने आगीत घालून त्याचा कस पाहणे, हा अर्थ या अरबी शब्दाच्या मुळाशी आहे. म्हणजे संतती ही कसोटी आहे. या कसोटीला कसे उतरावे, हे ह. बुरैदा (रजि.) यांनी कथन केलेल्या प्रसंगात दिसते. आदरणीय प्रेषित (स.) मिंबरवरून खुत्बा देत असताना ह. हसन आणि ह. हुसैन (रजि.) हे दोघे चिमुकले लाल सदरे घालून अडखळत येताना दिसले. प्रेषित (स.) मिंबरवरून उतरले, दोघांना उचलून आपल्यापुढे बसवले आणि त्यांनी तीच संतती-फितन्याची आयत पठण केली. या दोघांना अडखळताना पाहून मला राहवले नाही, असेही ते म्हणाले. मूल ही परीक्षा आहे हे सांगत असताना लेकरे त्यांच्याजवळच होती. लेकराला दूर लोटणे हे त्या परीक्षेचे उत्तर असते, तर ते मिंबरवरून खाली उतरलेच नसते.

मराठीत ‘कौतुक’ या शब्दात नवलही आहे आणि मायाही आहे. मुलाचे कौतुक करताना आपण नेमके हेच दोन्ही अनुभवतो. काल ज्याला मान धरता येत नव्हती, ते आज ‘अब्बा’ म्हणते. हे त्याला शिकवले कोणी? कुरआन सांगतो की, अल्लाहने तुम्हांला मातांच्या उदरातून काहीही जाणत नसताना बाहेर काढले आणि कान, डोळे व हृदय दिले, ते तुम्ही कृतज्ञ व्हावे म्हणून (१६:७८). या आयतीचा अर्थ रांगत्या मुलाजवळ बसून जितका उमगतो, तितका क्वचितच अन्यत्र उमगत असेल. त्या बसण्याचा सवाब मोजत राहण्याची गरज नाही. नवल वाटले आणि मनात ‘अल्हम्दुलिल्लाह’ उमटले, की ती घटका स्मरणापासून दूर राहत नाही.

गफलत निराळ्याच ठिकाणी असते. मूल समोर खेळत असते आणि बाप त्याची चित्रफीत मोबाइलच्या स्टेटसवर किती जणांनी पाहिली हे तपासत असतो, तेव्हा ते मूल अमानत न राहता मिरवण्याची वस्तू होते. दुसरी गफलत अधिक सार्वत्रिक आहे. हसऱ्या मुलाला आपण मांडीवर घेतो. ते रडू लागले, त्याने कपडे भिजवले, की आईच्या हाती देतो. आनंद आपल्या वाट्याला आणि जागरण तिच्या वाट्याला, ही वाटणी न्यायाची नव्हे. प्रेषित (स.) घरात काय करीत, असे ह. आयशा (रजि.) यांना विचारण्यात आले. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी जात, असे त्यांनी सांगितले. या एका उत्तरात दोन्ही मर्यादा आल्या : अजान झाली की खेळ थांबतो, आणि अजान होईपर्यंत घरातले काम आपलेही असते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये : अमानत परतही मागितली जाते. प्रेषितांचे (स.) सुपुत्र इब्राहीम मदीनेच्या एका टोकाला दाईच्या घरी वाढत होते. दाईचा पती लोहार होता, घर धुराने भरलेले असे. प्रेषित (स.) त्या धुरात जात, बाळाला उचलून त्याचा मुका घेत आणि परतत. हे बाळ सुमारे दीड वर्षाचे असताना गेले. त्या वेळी प्रेषितांच्या (स.) डोळ्यांत अश्रू आले. आपणही रडता, असे ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी विचारले, तेव्हा ही दया आहे, असे त्यांनी सांगितले. जी माया मुका घेण्यासाठी धुरात जात होती, तीच आता डोळ्यांतून वाहत होती. ज्यांच्या घरातला पाळणा रिकामा झाला, त्यांनीही हे जाणावे की, त्यांचे रडणे अश्रद्धा नाही आणि त्यांचे पूर्वीचे हसणे वाया गेलेले नाही.

म्हणून, वाचकहो, आज सायंकाळी लेकराने हात वर केले तर त्याला निःशंक मनाने उचलून घ्या. ईशाची अजान झाली की त्याला हळूच खाली ठेवा. रात्री ते रडले तर कधी तुम्हीही उठा. जोडीदार आणि संतती यांच्याकडून डोळ्यांना शीतलता लाभावी, अशी दुआ कुरआनने शिकवली आहे (२५:७४). अल्लाह ती आपणा सर्वांच्या हक्कात कबूल करो आणि ज्यांची कूस वा पाळणा रिता आहे त्यांना आपल्या दयेने सांभाळो. आमीन.